बोटॉक्सने भुवई उंचावताना: आरशापुढील तपासणीपासून पुढच्या भेटीपर्यंत

भुवईचे बाहेरचे टोक थोडे जरी खाली आले तरी चेहरा थकलेला दिसू लागतो. झोप पुरेशी झालेली असते, मनही प्रसन्न असते, तरीही भेटणारा प्रत्येक जण 'बरं नाही का?' असे विचारतो आणि काही दिवसांनी आरशात पाहतानाही हाच प्रश्न पडू लागतो. अशा वेळी शस्त्रक्रियेशिवाय करता येणारा उपाय म्हणून बोट्युलिनम टॉक्सिनच्या, म्हणजे रोजच्या बोलण्यातील बोटॉक्सच्या, इंजेक्शनचे नाव पुढे येते. उपाय खरा आहे आणि योग्य व्यक्तीला योग्य हातांनी दिला तर समाधान देणारा आहे. मात्र हे औषध स्वतः काहीही उचलत नाही. ज्या स्नायूत ते टोचले जाते तो स्नायू काही महिने सैल पडतो, एवढेच त्याचे काम. भुवई वर जाते ती तिला खाली ओढणारे स्नायू सैल पडल्यामुळे. हे मनात पक्के बसले की कोणाला लाभ होईल, कोणाची पापणी उलट आणखी जड होईल आणि डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत, हे आपोआप उलगडत जाते.

भुवई ही रस्सीखेचीतील दोरीसारखी असते. तिला वर ओढणारा स्नायू एकच, तो म्हणजे कपाळभर पसरलेला फ्रंटॅलिस. आश्चर्य वाटले की कपाळावर ज्या आडव्या रेषा उमटतात, त्या याच्याच. खाली ओढणारे मात्र अनेक आहेत. दोन भुवयांच्या मधोमध प्रोसेरस, त्याच्या दोन्ही बाजूंना तिरके गेलेले कोरुगेटर, आणि डोळ्याभोवती कड्यासारखा फिरलेला ऑर्बिक्युलारिस, ज्याचा वरचा-बाहेरचा भाग भुवईच्या टोकाला खाली खेचतो. पापणी उघडणारा लिव्हेटर हा स्नायू या सर्वांहून वेगळा असून तो डोळ्याच्या खोबणीत, आतल्या बाजूला असतो. पापणी उचलण्याचे काम त्याचे. बोटॉक्सने त्याला बळ देता येत नाही. चुकून त्याच्यापर्यंत औषध पोहोचले तर तो दुबळाच होतो.

हे औषध मुळात डोळ्यांच्या दवाखान्यातून सौंदर्योपचारांकडे आलेले आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ डॉ. अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी त्याचा वापर विकसित केला आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८९ साली तिरळेपणा व पापण्यांची अनैच्छिक उघडझाप या दोन विकारांसाठी त्याला मान्यता दिली. कॅनडातील व्हँकुव्हर येथे नेत्रतज्ज्ञ डॉ. जीन कॅरदर्स यांच्याकडे पापण्यांच्या अशाच विकारासाठी इंजेक्शन घेणाऱ्या एका रुग्ण स्त्रीच्या लक्षात आले की आपल्या भुवयांमधल्या आठ्या नाहीशा झाल्या आहेत. जीन आणि त्यांचे त्वचारोगतज्ज्ञ पती अ‍ॅलस्टेअर यांनी त्याचा अभ्यास करून १९९२ साली तो प्रसिद्ध केला. भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत २००२ साली, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांसाठी २०१३ साली आणि कपाळावरील आडव्या रेषांसाठी २०१७ साली मान्यता मिळाली. भुवई उंचावणे हा उपयोग त्या मान्यतांत स्वतंत्रपणे नोंदलेला नाही; तज्ज्ञ तो आपल्या अनुभवावर आणि शरीररचनेच्या ज्ञानावर करतात. म्हणूनच येथे औषधाइतकेच महत्त्व ते देणाऱ्या हाताला आहे.

पहिली पायरी: नेमके काय खाली आले आहे, ते ओळखा

या पायरीवर जितका वेळ द्याल तितका कमीच आहे, कारण नंतरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथे असते. 'डोळा जड दिसतो' या एका वाक्यामागे तीन निरनिराळ्या स्थिती असू शकतात. पहिलीत भुवईच खाली सरकलेली असते. दुसरीत भुवई जागेवर असते, पण वरच्या पापणीची कातडी वयाने सैल होऊन तिची घडी पापण्यांच्या केसांवर टेकते. तिसरीत कातडी ठीक असते, मात्र पापणीची कडाच बुबुळावर खाली उतरलेली असते. इंजेक्शनचा उपयोग मुख्यतः पहिल्या स्थितीत होतो, दुसरीत अगदी थोडा आणि तिसरीत जवळजवळ नाही.

दिवसाच्या उजेडात, खिडकीसमोर आरसा ठेवून बसा. डोळे मिटा, कपाळ पूर्ण सैल सोडा आणि पंधरा-वीस सेकंद तसेच राहा. आता एका हाताचा तळवा कपाळावर भुवयांच्या अगदी वर हलकेच दाबून धरा, म्हणजे भुवया वर जाणार नाहीत, आणि मग डोळे उघडा. डोळे सहज, पूर्ण उघडले तर पापणी स्वतःचे काम नीट करत आहे. डोळे अर्धवटच उघडले, किंवा तळव्याखाली कपाळ सारखे वर जाण्यासाठी धडपडताना जाणवले, तर जड पापणी सावरण्यासाठी तुमचा फ्रंटॅलिस दिवसभर राबतो आहे असा अर्थ होतो. अशा व्यक्तीच्या कपाळावर आडव्या रेषा ठळक असतात, आणि त्या रेषा घालवण्यासाठी कपाळात इंजेक्शन दिले की तो एकमेव आधारही जातो, भुवया खाली बसतात आणि पापण्या अधिकच जड होतात. पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या बाबतीत हेच घडते आणि दोष औषधाला दिला जातो.

दुसरी चाचणी बोटाची. भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली बोट ठेवून तिला दोन-तीन मिलिमीटर वर उचला. तेवढ्याने समाधान होत असेल तर इंजेक्शनकडून अपेक्षा ठेवण्यास जागा आहे, कारण त्यातून मिळणारी उचल साधारण १ ते ३ मिलिमीटरचीच असते. मनासारखे रूप दिसण्यासाठी भुवई बोटभर उचलावी लागत असेल, तर पापणीची जादा कातडी काढण्याची किंवा भुवई वर घेण्याची शस्त्रक्रिया हाच विषय आहे आणि त्यासाठी नेत्रप्लास्टिक शल्यविशारदांकडे जावे.

तिसरी चाचणी पापणीच्या कडेची. समोर सरळ पाहताना वरच्या पापणीची कडा बुबुळाच्या वरच्या भागाला १ ते २ मिलिमीटर झाकते, हे सामान्य आहे. ती बाहुलीपर्यंत उतरली असेल किंवा दोन डोळ्यांत स्पष्ट फरक असेल तर नेत्रतज्ज्ञांची तपासणी आधी, सौंदर्योपचार नंतर. उतारवयात, तसेच अनेक वर्षे कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांत, लिव्हेटरची कंडरा सैल होऊन पापणी उतरते आणि ती शस्त्रक्रियेनेच दुरुस्त होते. सकाळी ठीक असणारी पापणी संध्याकाळपर्यंत उतरत असेल तर मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायुविकाराची शंका घ्यावी लागते, आणि या विकारात बोटॉक्स धोकादायक ठरते. पापणी अचानक उतरली आणि सोबत दोन-दोन दिसणे, तीव्र डोकेदुखी किंवा दोन बाहुल्यांचा आकार वेगळा असणे यांपैकी काहीही असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

शेवटी दहा-पंधरा वर्षांपूर्वीची छायाचित्रे काढून बघा. अनेकांच्या भुवया तरुणपणापासूनच खाली आणि सरळ असतात. पुरुषांत तर भुवई हाडाच्या कडेवरच, जवळजवळ आडवी असणे हेच स्वाभाविक आहे, आणि ती कमानदार केल्यास चेहरा बदललेला वाटतो. स्त्रियांत ती हाडाच्या कडेच्या किंचित वर असते व तिचा उंच भाग बुबुळाच्या बाहेरच्या बाजूला येतो. जुने छायाचित्र सोबत नेले तर डॉक्टरांशी बोलणे नेमके होते. एखाद्या नटीचे छायाचित्र नेण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: आपण घेऊ शकतो का

गरोदर स्त्रियांनी आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी हे इंजेक्शन घेऊ नये. मायस्थेनिया ग्रॅव्हिस, लॅम्बर्ट-ईटन सिंड्रोम किंवा मोटर न्यूरॉनचे विकार असे स्नायू दुबळे करणारे आजार असणाऱ्यांनी टाळावे. टोचायच्या जागी पुरळ, गळू किंवा संसर्ग असेल तर तो बरा होईपर्यंत थांबावे. औषधाच्या कुपीत मानवी अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातील एक प्रथिन, असते. डिस्पोर्ट या दुसऱ्या कंपनीच्या बोट्युलिनम टॉक्सिनमध्ये गायीच्या दुधातील प्रथिनांचा अंश असू शकतो, म्हणून तशी अ‍ॅलर्जी असल्यास आधी सांगावे. जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखी प्रतिजैविके चालू असतील तर बोटॉक्सचा परिणाम वाढू शकतो. डोळे कोरडे पडत असतील किंवा चष्मा घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया झालेली असेल तर तेही लपवू नका, कारण ऑर्बिक्युलारिस सैल पडला की डोळ्याची उघडझाप मंदावते आणि कोरडेपणा वाढतो.

तिसरी पायरी: डॉक्टर आणि कुपी

त्वचारोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन किंवा नेत्रप्लास्टिक शल्यविशारद यांच्याकडेच जावे. पार्लरमध्ये, घरगुती 'बोटॉक्स पार्टी'त किंवा ऑनलाइन मागवलेल्या कुपीने स्वतःच्या हाताने हे काम कधीही करू नये. महाराष्ट्रात व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात आणि तो पडताळण्यात संकोच बाळगू नये. जो डॉक्टर पहिल्या भेटीत तळवा कपाळावर ठेवून पापण्या तपासत नाही आणि थेट दर सांगतो, त्याच्याकडून मी तरी उठून यावे असेच म्हणेन.

कुपी तुमच्यासमोर उघडली जावी आणि तिच्यावरील नाव, बॅच क्रमांक व मुदत तुम्हाला पाहता यावी. औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते आणि ते कोरड्या स्वरूपात येते. सलाइन मिसळून ते पातळ केले जाते. युनिट हे या औषधाच्या मात्रेचे माप; १०० युनिटच्या बोटॉक्सच्या कुपीत २.५ मिलिलिटर सलाइन घातले तर ०.१ मिलिलिटरमध्ये ४ युनिट येतात. हे गणित ठाऊक असले की 'किती युनिट दिले?' या प्रश्नाला मिळणारे उत्तर पारखता येते. आणखी एक गोष्ट: वेगवेगळ्या कंपन्यांची युनिट एकसारखी नसतात. डिस्पोर्टचे युनिट बोटॉक्सच्या युनिटपेक्षा लहान असल्याने त्याचा आकडा साधारण अडीच ते तीन पट दिसतो. त्यामुळे दोन दवाखान्यांचे प्रतियुनिट दर ब्रँड न विचारता ताडून पाहू नयेत. ब्रँड, युनिट आणि टोचलेल्या जागा यांची नोंद लेखी मागून घ्या. पुढच्या वेळी तीच सर्वांत मोलाची ठरते.

चौथी पायरी: आराखडा समजून घ्या

पुढील आकडे स्वतः टोचण्यासाठी नाहीत, डॉक्टरांचे बोलणे समजावे यासाठी आहेत. भुवयांच्या मधल्या भागासाठी प्रचलित पद्धतीत पाच ठिकाणी प्रत्येकी ४, म्हणजे एकूण २० युनिट बोटॉक्स दिले जाते: एक प्रोसेरसमध्ये आणि दोन-दोन प्रत्येक कोरुगेटरमध्ये. त्यामुळे भुवयांची आतली टोके मोकळी होतात. बाहेरचे टोक उचलण्यासाठी भुवईच्या टोकाखाली, ऑर्बिक्युलारिसच्या वरच्या-बाहेरच्या भागात, प्रत्येक बाजूला २ ते ४ युनिट इतकी लहान मात्रा पुरते. नेमकी जागा शोधण्यासाठी डॉक्टर तुम्हाला डोळे घट्ट मिटायला सांगतात आणि भुवई जेथे सर्वाधिक खाली खेचली जाते तेथे खूण करतात.

कपाळ हा नाजूक मुद्दा आहे. आडव्या रेषांसाठी फ्रंटॅलिसमध्ये औषध द्यायचे झाल्यास ते वरच्या भागात, कमी मात्रेत द्यावे आणि भुवईच्या वरचा सुमारे दोन सेंटीमीटरचा पट्टा मोकळा ठेवावा, कारण भुवईला वर धरून ठेवणारे तंतू तेथेच काम करतात. गुळगुळीत कपाळ आणि उंच भुवई या दोन इच्छा पुष्कळदा एकमेकींच्या आड येतात. भुवई उंच हवी असेल तर कपाळावर काही रेषा राहू द्याव्या लागतील, हे आधीच मान्य केलेले बरे. पहिल्या वेळी कमी मात्रा घेणे मला शहाणपणाचे वाटते. कमी पडले तर दोन आठवड्यांनी वाढवता येते, जास्त झालेले मात्र परत काढता येत नाही.

पाचवी पायरी: दिवस निवडा आणि तयारी करा

परिणाम दोन ते चार दिवसांत दिसू लागतो आणि दहा ते चौदा दिवसांत पूर्ण होतो. त्यामुळे घरात लग्न असेल तर इंजेक्शन किमान चार आठवडे आधी घ्यावे. म्हणजे दुरुस्तीलाही वेळ मिळतो आणि हळदीच्या दिवशी चेहऱ्यावर हात फिरला तरी चिंता राहत नाही. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात घेणाऱ्यांनी अभ्यंगाच्या वेळी कपाळावर जोरात तेल चोळले जाईल, याचा विचार तारीख ठरवतानाच करावा.

आठवडाभर आधीपासून आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, फिश ऑइल आणि ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल टाळल्यास काळेनिळे डाग कमी पडतात. आदल्या दिवशी मद्य घेऊ नये. हृदयविकारासाठी किंवा रक्त पातळ ठेवण्यासाठी घेतलेली औषधे मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. ज्या डॉक्टरांनी ती लिहून दिली त्यांनाच विचारा.

सहावी पायरी: खुर्चीवर बसल्यावर

टोचण्यापूर्वी छायाचित्रे काढली जावीत: चेहरा स्थिर असताना, भुवया उंचावून, आठ्या घालून आणि डोळे घट्ट मिटून. जवळजवळ प्रत्येकाची एक भुवई दुसरीपेक्षा किंचित वर असते, आणि इंजेक्शनपूर्वी तिकडे आपले लक्षही गेलेले नसते. छायाचित्र नसेल तर ती जुनी विषमता नव्या उपचाराच्या माथी मारली जाते. खुणा बसलेल्या स्थितीत कराव्या लागतात, कारण आडवे झाल्यावर भुवया मागे सरकतात. सुई इन्सुलिनच्या सुईसारखी बारीक असते, दुखणे मुंगी चावल्याइतके असते आणि सगळे काम दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. टोचलेल्या जागी आलेले लहान फुगवटे अर्ध्या-एक तासात बसतात.

सातवी पायरी: पहिले चार तास आणि पहिला दिवस

चार तास आडवे होऊ नये, वाकून फरशी पुसू नये, साष्टांग नमस्कार घालू नये. टोचलेल्या जागा चोळू नयेत. गंध किंवा टिकली लावायची असेल तर न दाबता लावावी. कपाळावर घट्ट बसणारे हेल्मेट शक्यतो टाळायचे असल्याने त्या दिवशी दुचाकीऐवजी रिक्षाने किंवा कुणासोबत गाडीने जावे; हेल्मेटशिवाय दुचाकी चालवणे हा पर्याय नाही. चोवीस तास व्यायामशाळा, सूर्यनमस्कार, शीर्षासन, वाफ, सौना आणि मद्य वर्ज्य. फेशियल आणि चेहऱ्याचा मसाज दोन आठवडे लांबणीवर टाकावा. डोके दुखले तर पॅरासिटामॉल चालते.

आठवी पायरी: चौदाव्या दिवसापर्यंत निकाल देऊ नका

पाचव्या दिवशी एक भुवई वर आणि दुसरी जागेवर दिसणे नेहमीचे आहे, कारण दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेगाने सैल पडत नाहीत. त्या घाईत जादा इंजेक्शन घेणाऱ्यांची भुवई पुढे विरुद्ध दिशेने बिघडते. चौदाव्या दिवशी, त्याच प्रकाशात, तीच चार छायाचित्रे पुन्हा काढून पहिल्यांशी ताडून पाहा आणि मगच डॉक्टरांना दाखवा. फेरतपासणीचे शुल्क आणि दुरुस्तीच्या मात्रेचा खर्च यांबद्दल पहिल्याच भेटीत विचारून ठेवलेले असावे.

नववी पायरी: बिघडले तर

नेहमी आढळणारा एक बिघाड म्हणजे भुवईचे बाहेरचे टोक गरजेपेक्षा जास्त वर जाऊन चेहरा उग्र दिसणे. कपाळाचा मधला भाग सैल झालेला असतो आणि बाजूचे तंतू मोकळे राहिल्याने सारा जोर तेथे लागतो. त्या तंतूंत १ ते २ युनिट दिले की टोक काही दिवसांत खाली येते. याउलट सगळी भुवईच खाली बसली असेल तर वाट पाहण्यावाचून फारसा उपाय नसतो.

पापणी उतरणे अधिक त्रासाचे आहे. कोरुगेटरजवळ दिलेले औषध पसरून खोबणीतील लिव्हेटरपर्यंत पोहोचले की असे होते. भुवयांमधल्या आठ्यांसाठीच्या सुरुवातीच्या चाचण्यांत ते सुमारे ३ टक्के व्यक्तींत आढळले होते. म्हणूनच कुशल डॉक्टर तेथील सुई हाडाच्या कडेपासून किमान एक सेंटीमीटर वर ठेवतात आणि टोचताना बोटाने कडा दाबून धरतात. पापणी उतरली तर घाबरून चोळू नका, डॉक्टरांना लगेच दाखवा. अ‍ॅप्राक्लोनिडिनचे ०.५ टक्के थेंब पापणीतील म्यूलर या लहान स्नायूला आकुंचित करून तिला १ ते २ मिलिमीटर उचलतात. लिव्हेटर दुबळा असतानाही म्यूलर शाबूत असतो, त्यामुळे हा आधार मिळतो. थेंब नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावेत, विशेषतः हृदयविकार असल्यास. पापणी बहुतेकांत काही आठवड्यांत पूर्ववत होते.

दोन-दोन दिसू लागले, डोळा नीट मिटेना किंवा लाल होऊन दुखू लागला तर नेत्रतज्ज्ञांकडे जावे. गिळायला त्रास, आवाज बदलणे, अंगभर अशक्तपणा किंवा धाप ही लक्षणे सौंदर्योपचाराच्या लहान मात्रेत फार दुर्मीळ आहेत, पण ती दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे, मग इंजेक्शनला काही तास झाले असोत वा काही आठवडे.

दहावी पायरी: पुढची भेट कधी

परिणाम साधारण तीन ते चार महिने टिकतो. मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन हे स्नायूला आकुंचनाचा संदेश देणारे रसायन बाहेर पडण्याचे काम औषधाने थांबवलेले असते. ते पुन्हा सुरू झाले की स्नायू आपले काम घेतो आणि भुवई मूळ जागी परतते. ती पूर्वीपेक्षा अधिक खाली येत नाही. तीन महिने वरची भुवई पाहायची सवय झालेली असल्यामुळे तसे वाटते, आणि पहिल्या दिवशीचे छायाचित्र समोर ठेवले की खरे काय ते कळते. चौदाव्या दिवसानंतरची दुरुस्तीची लहान मात्रा सोडली तर दोन इंजेक्शनांमध्ये किमान बारा आठवड्यांचे अंतर ठेवावे. वारंवार आणि मोठ्या मात्रा घेतल्यास काहींच्या शरीरात औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन ते निष्प्रभ ठरू शकते.

दुसऱ्या वेळी जाताना मागील नोंद व दोन्ही वेळची छायाचित्रे सोबत घेऊन आणि तळव्याची ती पहिली चाचणी पुन्हा करून मगच जावे, कारण वर्षागणिक पापणीची कातडी बदलत जाते आणि चाळिशीत जी मात्रा भुवई सुंदर उचलत होती तीच पंचावन्नाव्या वर्षी पापणी जड करू शकते.